तीन नंबरच्या खाटेवरचे चाचा

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी नर्स म्हणून लागले, तेव्हा सलाइन काचेच्या बाटल्यांतून यायचं. बाटली लावली की खाटेशी उभं राहायचं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचं. तो हॉल, स्पिरिटचा वास, खालच्या टायपिंग क्लासचा खडखडाट... सगळं अजून जसंच्या तसं आठवतं.

आमच्या मोठ्या सिस्टर कडक. शिरेतून द्यायच्या औषधाचं नाव तीनदा वाचायचं, असा त्यांचा नियम: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रुग्णाला देण्याआधी. तेही मोठ्यानं. मला फार लाज वाटायची.

तीन नंबरच्या खाटेवर एक चाचा होते. शनिवार पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं, तोंडानं पाणीसुद्धा बंद. मी औषधाचं नाव वाचलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बाई, उच्चार सुधारतोय तुमचा."

एका दुपारी दोन नवे पेशंट एकदमच आले. माझी धावपळ उडाली. चाचांच्या इंजेक्शनची वेळ टळत चालली होती. पावडरीची बाटली घेतली, ती विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची कुपी फोडली, सिरिंज भरली आणि खाटेशी गेले.

"आज वाचलं नाहीत," चाचा म्हणाले.

"तेच आहे चाचा, रोजचंच."

"असू दे. वाचा की."

जरा वैतागूनच मी ट्रेमधली फोडलेली कुपी उचलली. "पोटॅशियम..." डिस्टिल्ड वॉटर समजून मी भलतीच कुपी फोडली होती. दोन्ही कुप्या सारख्याच, आतलं दोन्ही पाण्यासारखं. पण पोटॅशियम बाटलीतल्या सलाइनमध्ये मिसळून अगदी सावकाश द्यायचं असतं. असं थेट शिरेत गेलं असतं, तर चाचांचं हृदय तिथंच थांबलं असतं.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि तशीच मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रडायचं असेल तर रडा. पण आधी डॉक्टरांना सांगा, मग वहीत लिहा. आणि चाचांना तुम्हीच सांगायचं. मी नाही."

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "घरी हे बोलू नका. आमच्या बेगम आधीच घाबरट आहेत." आणि हात पुढे करून म्हणाले, "आता बरोबरचं आणा."

मी आणलं. तीनदा वाचलं. देताना त्यांनी माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही, आणि तो अविश्वास मला रास्तच वाटला.

त्याच संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी पोटॅशियमच्या कुप्या वेगळ्या कपाटात हलवल्या आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. चाचा आठवड्याभरानं चालत घरी गेले. जाताना शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना म्हणाले, "ही बाई चांगली आहे. पण गप्प बसली की विचारायचं."

नंतर कितीतरी वर्षं ते आजोबा तपासणीला यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय बाई, बोलताय ना?"