दिराच्या कोडवर सही

"एक बटनच दाबायचं हाय नव्हं? का त्यालाबी मुहूर्त काढायचा?" मल्लव्वा ज्वारीचं पीठ चाळत होत्या आणि चाळणीवर हात असा आपटत होत्या की निम्मं पीठ परातीबाहेर चाललं होतं.

"दाबायला वेळ लागत नाही आत्ती. दाबायच्या आधी बघावं लागतं," त्यांची थोरली सून विद्याश्री म्हणाली.

"सोमवारपासनं बघायलीस. आज शनवार. सून करायची पोरगीबी कोण एवढं निरखून बघत न्हाय. दिराचं काम हाय ते, दुष्मनाचं न्हवं."

"दिराचं आहे म्हणूनच तर..."

"म्हणूनच काय? म्हणूनच अडवून धरलायस, असं सरळ म्हण की!"

विद्याश्रीनं ओटा पुसायला घेतला. तो तिनं मघाशी पुसला होता, त्याच्याआधीही एकदा पुसला होता. मृत्युंजय, तिचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून बशीतला चहा फुंकत होता. चहा कधीच गार झाला होता, पण फुंकर थांबली की काहीतरी बोलावं लागेल हे त्याला ठाऊक होतं. रुद्रेश, म्हणजे ज्याच्यावरून हे चाललं होतं तो धाकटा दीर, नाश्ता न करताच मोटरसायकल काढून गेला होता. जाताना त्यानं वहिनीकडे बघितलंही नव्हतं.

"त्याचं अमेरिकेचं ह्याच्यावर हाय," मल्लव्वा म्हणाल्या. "सा महिन्यांचं जाणं. आणि निपाणीकरांस्नी मी काय तोंड दाखवू?"

"निपाणीकरांचा काय संबंध?"

चाळणी थांबली. "सांगिटलोय मी त्यास्नी. तिकीट आलंय म्हणून."

"तिकीट आलंय? कुठं आलंय?"

"यील की! यायचंच हाय म्हटल्यावर आज सांगिटलं काय आणि आठ दिसांनी काय? आज पाच वाजता त्येंचा फोन हाय. दसऱ्यानंतरची लग्नाची तारीख धरायची म्हणत्यात."

"आव्वा, कधी सांगितलंस तू हे?" मृत्युंजयच्या हातातली बशी कलली.

"परवा. तू दुकानात गेलतास तवा." आणि जणू चूक दुसऱ्याचीच असावी तशा त्या पुन्हा सुनेकडे वळल्या. "म्हणून म्हणतो, चारच्या आत दाबून टाक."

विद्याश्रीनं फडकं पिळून दोरीवर टाकलं, पर्स उचलली, दारापर्यंत गेली आणि गॅस बंद आहे का बघायला परत आली. बंद होता. पुन्हा दारापर्यंत गेली, तर स्कूटीची किल्ली फ्रिजवर राहिली होती.

विद्याश्री मूळची हातकणंगल्याची. वडील रेल्वेत पॉइंट्समन. त्यांना ती आण्णा म्हणायची. एकेरी लोहमार्ग, त्यामुळे पुढच्या स्टेशनकडून गाडी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय इकडून दुसरी गाडी सुटायची नाही. प्रवासी खिडकीतून डोकी काढून ओरडायचे, स्टेशनात काय झोपलेत काय म्हणून विचारायचे. आण्णा हिरवं निशाण काखेत धरून उभे. क्वार्टरच्या पायरीवर बसून अभ्यास करणाऱ्या विद्याश्रीला तेव्हा त्या प्रवाशांचंच बरोबर वाटायचं. तिलाही कुठंतरी लवकर पोचायची घाई असायची.

कोल्हापुरातच इंजिनिअर झाली, नव्वदीच्या अखेरीस एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागली, आणि २००१ साली उचगावच्या पेंडवाल्या चनबसाप्पांच्या घरात थोरली सून म्हणून आली. सासऱ्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान, त्यात नवराही. घरात कॉम्प्युटर म्हणजे काय हे तिच्याबरोबरच आलं. २००४ मध्ये राजारामपुरीत, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कुणी अमरसिंह नावाच्या माणसानं कंपनी काढली. पुण्यातली मोठी कंपनी काम देणार, इथं ते करायचं. विद्याश्री तिथली तिसरी माणूस. दोन वर्षांनी रुद्रेश बी.ई. होऊन घरी बसला होता, त्याला तीच घेऊन गेली. घरी "भावजी" आणि ऑफिसात "रुद्रेश", अशी दोन नावं तिनं त्याच्यासाठी ठेवली होती, आणि राजारामपुरीचा जिना चढताना ती बदलायची.

काम असं होतं. एका मोठ्या मशीनच्या पोटात सात-आठ कॉम्प्युटर चालतात. खरे नव्हेत, पण वापरणाऱ्याला ते खरेच वाटतात. त्यातला एक, चालू असतानाच, ह्या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचा. वापरणाऱ्याला कळताही कामा नये. त्याची सगळी आठवण पानापानानं दुसरीकडे पाठवायची, पाठवता पाठवता जी पानं बदलतील ती पुन्हा पाठवायची. हे त्यांनी दोन वर्षांत जमवलं. आता, २००९ साली, पुढची पायरी आली होती. पहिलं मशीन कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या मशीनवर त्याची नक्कल कायम तयार ठेवायची. सेकंदाला वीस-वीस वेळा बदललेली पानं तिकडे जायची. पहिलं पडलं की दुसरं तिथूनच पुढं उठणार.

ह्यात एक पथ्य होतं. पहिल्या मशीननं बाहेरच्या जगाला काही उत्तर दिलं, की ते लगेच सोडायचं नाही. दाराशी धरून ठेवायचं. दुसऱ्या मशीनकडून "पानं मिळाली" असा निरोप आला की मगच सोडायचं. नाहीतर पहिलं मशीन बाहेर "झालं तुमचं काम" म्हणून बसायचं, त्याच क्षणी मरायचं, आणि दुसरं उठून विचारायचं, कुठलं काम?

रुद्रेशनं लिहायचं आणि विद्याश्रीनं तपासायचं. तपासून पटलं की ती एक बटन दाबायची आणि खाली तिचं नाव पडायचं, त्याला ऑफिसात सगळे सहीच म्हणायचे. तिच्या सहीशिवाय कोड पुण्याला जायचा नाही.

राजारामपुरीत पोचेपर्यंत ती दोनदा चुकीच्या गल्लीत शिरली. पाच वर्षं रोज त्याच रस्त्यानं येणारी बाई. जिना चढून वर गेली तर रुद्रेश टेबलाशी उभाच होता. टेबलावर दोन मशीन शेजारी शेजारी, मधे हातभर केबल.

"झालं का वैनी?"

"चाळीस वेळा प्लग काढला काल. छत्तीस वेळा नीट उठलं."

"आणि चार वेळा?"

"तूच बघ."

तिनं एक लहानसा प्रोग्रॅम लावला होता. तो फक्त आकडे मोजायचा आणि प्रत्येक आकडा बाहेरच्या तिसऱ्या कॉम्प्युटरला कळवायचा. आकडे पळायला लागले. विद्याश्रीनं वाकून पहिल्या मशीनचा प्लग उपसला. तिसऱ्या कॉम्प्युटरवर शेवटचा आकडा होता आठशे बारा. दुसरं मशीन जागं झालं आणि आपल्या आठवणीतला शेवटचा आकडा त्यानं छापला. आठशे नऊ.

"तीन आकडे," ती म्हणाली. "बाहेर सांगून झालेले आणि ह्याला ठाऊकच नसलेले."

"चाळीसात चार वेळा. तेपण तुम्ही मुद्दाम उपसल्यावर."

"मशीन मुद्दाम पडत नाही, म्हणून काय कमी पडतं?"

रुद्रेशनं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "निरोपाची वाट बघत बसलो तर सगळं निम्म्या वेगानं चालतं वैनी. पानं केबलमधे घातली की पोचतात. हातभर तर केबल हाय."

"इथं हातभर आहे. तिकडं दोन मशीन दोन इमारतींत असतील. घातलं म्हणजे पोचलं नव्हे."

त्यानं दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते ह्या आठवड्यातलं न्हवंच. उत्तर लवकर सोडायची ओळ श्रावणातली हाय. तुम्हीच पास केलाय की."

विद्याश्रीला ते मंगळवारीच कळलं होतं. मंगळवारपासून तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, आणि मंगळवारपासूनच ती एका जागी बसू शकत नव्हती.

श्रावणातला तो सोमवार. निपाणीकर पहिल्यांदा घरी यायचे होते. मल्लव्वांनी वीस माणसांचा स्वयंपाक मांडला होता. रुद्रेशनं अकरा कागद छापून आणले आणि म्हणाला, "वैनी, बसल्या बसल्या वाचा की, पुण्याला आजच जायला पाहिजे." ती बसली होती भरल्या वांग्यांना चिरा देत. कागद डब्याला टेकवून उभे केले, डाव्या हाताच्या कोपरानं पानं उलटली. चौथ्या पानावर तिला काहीतरी खटकलं होतंही. एवढ्यात मल्लव्वांनी शेंगदाण्याचं कूट कमी पडलं म्हणून हाक मारली. कूट करून आली तेव्हा पाचवं पान वर होतं. दुसऱ्या कुणाचा कोड असता तर तिनं तो मशीनवर चालवून बघितला असता, प्लग उपसून बघितला असता. घरचा होता म्हणून हात पुसले आणि नाव टाकलं. संध्याकाळी निपाणीकरांनी वांग्यांचं कौतुक केलं.

"पास मी केलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"मग आता काय, तेच उकरून काढणार? अख्ख्या पुण्याला कळंल की तुम्ही न बघता सही केलाय."

"कळू दे."

"तुमचं काय जातंय? तुम्ही उचगावातच राहणार," रुद्रेश म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. तो खिडकीकडे वळला.

एवढ्यात अमरसिंह आत आला. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, कायम कुठूनतरी निघालेला आणि कुठंतरी चाललेला. "काय म्याडम? सही झाली का? सोमवारी पुण्याचं पावणं येणार. आपला वेगाचा आकडा मी त्यांना कळवूनपण बसलोय, हुरळून गेल्यात."

"तुम्हीपण कळवलंत?"

"न कळवून कसं चालंल? बाजारात राहायचंय नव्हं आपल्याला?"

तिनं त्याला आठशे बारा आणि आठशे नऊ दाखवलं. अमरसिंहनं दोन्ही पडदे बघितले, हनुवटी खाजवली. माणूस मूर्ख नव्हता.

"बरं, सोमवारी पावण्यांसमोर प्लग कोण उपसणार?"

"कोण?"

"मी. आणि कधी उपसायचा हे मला चांगलं कळतं. आकडे जरा थांबले की उपसायचा. आठशे बारा, तिकडंपण आठशे बारा. टाळ्या. नंतर सावकाश करा की दुरुस्त, कोण नको म्हणतंय?"

रुद्रेश हसला. विद्याश्रीनं आशेनं त्याच्याकडे बघितलं होतं. पोरगा हुशार होता. त्याला ही तीन आकड्यांची चूक दाखवली की दोन दिवसांत तो ती काढू शकला असता, आणि सोमवारी निम्म्या वेगाचं पण खरं काहीतरी दाखवता आलं असतं. पण ती चूकच नाही असं दोघा माणसांनी एकदा ठरवलं, की तो ती कधीच काढणार नव्हता. वर तिची सही असणार. एकदा घरचं म्हणून टाकली, आता घरच्यासाठी म्हणून.

"तुमचं चारपर्यंत कळवा," अमरसिंह म्हणाला. "नाही म्हणालात तर रुद्रेशचं जाणं राहिलं, एवढं फक्त ध्यानात ठेवा. पुण्याचे दुसरा माणूस बघतील." आणि गेला. पाठोपाठ रुद्रेशही चहाला म्हणून खाली उतरला.

ती एकटी राहिली. उठली, माठातलं पाणी प्यायली, खिडकी लावली, उघडली. दीड वाजता राजारामपुरीतली वीज जायची, लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला मल्लव्वांचा चेहरा दिसत होता, पाच वाजता फोन वाजल्यावरचा. मग रुद्रेशचा, आठ वर्षांपूर्वीचा, बारावीचं गणित घेऊन तिच्यासमोर बसलेला. चूक दाखवली की तो पाटी पुसल्यासारखं पान फाडायचा, आणि पुन्हा सुरुवातीपासून लिहायचा.

तिनं बसून चार ओळी लिहिल्या. पुण्याला, आणि त्याची प्रत अमरसिंहला, आणि रुद्रेशला. पाठवलं. वीज जायला सात मिनिटं होती.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. चारनंतर उचगावच्या रस्त्यावर ट्रकच्या मागं स्कूटी अडकली तेव्हा ती विनाकारण हॉर्न वाजवत राहिली, इतकी की ट्रकच्या क्लीनरनं बाहेर डोकं काढून, "मावशी, उडून जाता काय?" असं विचारलं.

घरी सगळे होते. चनबसाप्पा दुकानातून लवकर आले होते, कपाळाला ताजी विभूती. मृत्युंजय टेलिफोनच्या शेजारी. रुद्रेश कोपऱ्यात, तोंड पडलेलं. त्यानं वाटेतल्या सायबर कॅफेत मेल वाचली असावी, पण आईला सांगायचं धैर्य झालं नव्हतं. मल्लव्वांनी इरकल नेसली होती, फोनवर कोण बघणार होतं तरी.

"आली बघा," मल्लव्वा म्हणाल्या. "दाबलीस का?"

"बसू तरी दे तिला," चनबसाप्पा म्हणाले.

विद्याश्री बसली नाही. पर्स खांद्यालाच होती.

"रुद्रेशचा कोड मी पास केलेला नाही," ती म्हणाली. "श्रावणात केलेली सहीपण मागं घेतली, न बघता केली होती असं लिहूनच. सोमवारी पुण्याच्या लोकांना आठशे बारा आणि आठशे नऊ दोन्ही मी दाखवणार आहे, आणि इथून पुढं घरातल्या माणसाचं काम मी तपासणार नाही. निपाणीकरांना तिकीट आलेलं नाही हे आत्ती सांगतील, पाच वाजता."