ताईच्या उंचीचा नळ

काकूंनी घड्याळजींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते समोरच्या गच्चीवर. एरवी दुकानाच्या काचेमागे, डोळ्याला भिंग लावून खाली घातलेली मान तेवढी दिसायची. त्या दिवशी काकू कपडे वाळत घालत होत्या आणि घड्याळजी जुन्या फ्रिजच्या पाठीमागची नळ्यांची जाळी काळ्या रंगाने रंगवत होते. तीही एकेक नळी, बारीक कुंचल्याने.

"उन्हाला घड्याळ लावताय की काय?" काकूंनी कठड्यावरून विचारलं.

"पाणी तापवायचंय," ते म्हणाले. "ताईसाठी."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर लहानग्या मुलाला घेऊन ती भावाकडे आली ती कायमचीच. भावाने लग्न केलं नाही आणि घरात कुणी तो विषय काढलाही नाही. भाचा मोठा झाला, नोकरीसाठी दूर गेला. गेल्या थंडीत ताईच्या बोटांची पेरं आखडली. गार पाण्यात हात घालवेना, तापलेल्या पाण्याची बादली उचलवेना. भाचा येऊन तिला घेऊन गेला. निघताना ती भावाला हसत म्हणाली, "नळाला गरम पाणी येऊ दे, मग बोलाव मला." ती हसली होती, पण घड्याळजींनी तो शब्द धरून ठेवला.

काकूंनी त्यांना माळ्यावर पडलेली खिडकीची काच देऊन टाकली. तिच्या मापाची लाकडी पेटी झाली, आत चकचकीत पत्रा, त्यावर काळी जाळी, वर काच. पेटीच्या वरच्या अंगाला, चौथऱ्यावर, जुन्या गोधडीत गुंडाळलेलं स्टीलचं पिंप. तापलेलं पाणी आपणहून वर चढणार, गार पाणी खाली उतरणार, मोटरबिटर काही नको. न्हाणीघरातला नळ मात्र त्यांनी छातीच्या उंचीवर घेतला आणि खाली बादलीला स्टूल ठेवलं. ताईला वाकायला नको.

ऊन कडकडीत पडलं. पाणी मात्र कोमट. नळ दोन गुळण्या टाकायचा आणि गप्प बसायचा. घड्याळजींनी सगळं उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं. सांध्यांना नवे रबर घातले, पिंपाचं झाकण आणखी आवळलं. तरी तेच. समोरच्या गच्चीवरचा तो वाकलेला माणूस बघून काकूंचाच जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी त्या जिना चढून वर गेल्या आणि झाकणावर हात फिरवून म्हणाल्या, "अहो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

घड्याळजींनी पिंपाचं झाकण काढून हातात घेतलं. उभा जन्म धूळ बाहेर ठेवण्यात गेलेला. फट दिसली की बुजवायची, हा हाताचा धर्म. पिंपातली हवा आत-बाहेर जाणार कुठून, आणि हवा अडकली की पाणी फिरणार कसं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी झाकणाला भोक पाडून एक बारीक नळी उभी केली, तिचं तोंड उघडं ठेवलं.

दुसऱ्या दुपारी नळाखाली बोट ठेववेना. त्यांनी तिथूनच, बादलीत धार चालू ठेवून, ताईला फोन लावला. ऐकू येतंय का, असं दोनदा विचारलं. ताईला फार आनंद झाला. मग तिने सुनेचं सांगितलं, नातीच्या शाळेचं सांगितलं, तिची वेणी आता आजीनेच घालायची असते तेही सांगितलं. इकडे येण्याचं ती काही बोलली नाही. फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "आता तू तरी गार पाण्याने अंघोळ करू नकोस रे."

दारात उभ्या काकूंनी काय म्हणाली ताई, असं विचारलं, तेव्हा घड्याळजींनी नळ बंद केला. "बरी आहे," ते म्हणाले. "रमलीय."

पाणी दुपारी सर्वांत जास्त तापतं, म्हणून हल्ली घड्याळजी जेवणाआधी दुकान बंद करून घरी येतात. त्या उंच नळाखाली दोन बादल्या भरतात. एकीने अंघोळ करतात आणि दुसरीत कपडे भिजवतात.