चालत्या गिरणीचा भाव

माझ्या मामेसासऱ्यांनी मनातल्या मनात ज्याची किंमत काढली नाही असा एकही धंदा भंडारा जिल्ह्यात उरला नसावा. बायकोचे हे सख्खे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणायचो. सत्तरच्या दशकात मोहाडीकडे कुणाला दुकान विकायचं असो, भावाभावांत पितळी भांड्यांचा कारखाना वाटायचा असो, नाहीतर भागीदारी मोडायची असो, आधी मामाजींना बोलावणं जायचं. ते धोतर सावरत यायचे, दिवसभर तिथे नुसते बसून राहायचे, मिळेल तितका चहा प्यायचे आणि संध्याकाळी एक आकडा सांगून चालू लागायचे. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडत नसे.

ही खोड इतकी अंगात मुरली होती की साकोलीच्या स्टँडवर आलूबोंडा खाता खाता ते हॉटेलवाल्याला विचारायचे, "विकून राहिला का?" तो बिचारा झारा हातात धरून बघतच राहायचा. मला पाहायला आले तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. पोहे संपवून, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून ते भर बैठकीत म्हणाले, "मोडीत काढला तं याचं काही येत नाही. पण चालता ठेवला तं बरा आहे. द्या पोरगी." हा माझ्या लग्नाचा होकार! माझे वडील पुढे कितीतरी दिवस धुसफुसत होते.

पण माणूस नुसता थट्टेवारी न्यायचा नव्हता. धंद्याला एकच एक किंमत नसते, हे त्यांचं लाडकं सूत्र. एक मोडीची किंमत, म्हणजे यंत्र, कौलं, जागा सुटी सुटी विकून जे हाती येईल ते. दुसरी कमाईची. तीही पुढच्या वर्षांची सगळीच्या सगळी धरायची नाही. "पुढच्या सालचं पोतं आजच्या पोत्याएवढं भरत नाही, मास्तर. वाटेत उंदरं असतात," असं ते मला बजावायचे. तिसरी, तसाच धंदा शेजारी कितीला गेला ती. आणि चौथी नावाची. तिचं त्यांचं माप निराळंच होतं. धानाची गिरणी असली तर ते बाजाराच्या दिवशी फाटकाशी बसायचे आणि बंडीवाल्यांना सांगायचे, "कासरा ढिला सोड." बैल आपोआप आत वळले, तर गिरणीला नाव आहे. सरळ निघून गेले, तर नुसतं लोखंड आहे. लोक हसायचे, पण त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

पुढे ऐंशीनंतर माझे सासरे वारले. मोहाडीतल्या एका धानगिरणीत त्यांची अर्धी भागीदारी होती आणि सासूबाई गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. दुसऱ्या अर्ध्या हिश्श्याचे भागीदार म्हणाले, नाव होतं ते गेलेल्या माणसाचं, ते त्याच्यासंगं गेलं. मी मोडीच्या भावानं हिस्सा घेतो, बाईंनी खोल्या रिकाम्या कराव्या. सासूबाईंना पोरांच्या दारी जायचं नव्हतं. किंमत ठरवायला दोघांच्या संमतीनं मामाजीच आले. हा गृहस्थ सख्ख्या बहिणीसाठीही एक दमडी वाढवणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोनं दबक्या आवाजात रदबदली करून पाहिली. ते म्हणाले, "आज मले बहीण नाही. दोन भागीदार आहेत."

बाजाराचा दिवस. मामाजी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. बंडी आली, कासरा ढिला झाला, बैल वळले. दुसरी आली, तीही वळली. भागीदारांचं तोंड आंबट झालं आणि मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. इतक्यात सासूबाई कोंडा कालवलेल्या पाण्याची बादली घेऊन आल्या आणि फाटकाच्या आतल्या दगडी डोणीत ओतून गेल्या. बैलांनी थेट त्यात तोंडं घातली. मामाजींचा कप तसाच हातात राहिला.

"हे कवापासून, बाई?"

"गिरणी सुरू झाली तवापासून. उन्हाचं येते जनावर. पाणी नको का पाजू, दादा?"

मामाजींनी कप खाली ठेवला. मग भागीदारांकडे वळून म्हणाले, "तुमचा भाव बरोबर आहे. मोडीचाच."

सासूबाईंचा चेहरा पडला. माझा असा संताप झाला की मी उठलोच.

"बसा, मास्तर," मामाजी म्हणाले. "हिच्यावाचून हे मोडच आहे. आजवर मी मालकाच्या नावाचा भाव धरत आलो, चुकलोच. हिचा हिस्सा घ्या, पण हे बैल नाही भेटत त्यात. हिले राहू द्याल, तं गिरणी चालती आहे."

"गडी ठेवतो ना पाणी पाजायले! त्यात काय आहे?" म्हणत भागीदारांनी तावातावानं स्वतःच बादली उचलली. पांढऱ्या बैलानं नाक फेंदारून अशी मान झटकली की कोंड्याच्या पाण्यानं त्यांचा सदरा न्हाऊन निघाला. बंडीवाले खो खो हसले. शेवटी भागीदारही हसले आणि म्हणाले, "राहा जी बाई तुमीच."

सासूबाई राहिल्या, बरोबरीच्या भागीदार म्हणून. मामाजींचं घर समोरच्याच गल्लीत होतं, पण आजवर बाजाराच्या दिवशी ते दुसऱ्यांच्याच फाटकाशी बसलेले असायचे. त्या दिवसापासून ते रोज दुपारी डोणीजवळ येऊन बसू लागले, बहिणीच्या हातचा चहा प्यायला. बाजाराला मी आलो की आधी त्यांच्या दारी सायकल लावायचो, मग आम्ही दोघं डोणीशी यायचो. किंमत काढायची बोलावणी हळूहळू त्यांनी बंदच केली. काहून म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आता डोणीच दिसते सगळीकडं. तिचा भाव कसा लावू?"

ते गेल्यावर पहिल्याच बाजाराला मी शाळेच्या गावाहून मोहाडीला आलो. सायकल गिरणीशी थांबवायची होती, ती आपोआप त्यांच्या गल्लीत वळली. दाराचं कुलूप पाहून मी खाली उतरलो. फाटकातून सासूबाई बघत होत्या.

"तिकडं कोणी नाही जी आता, जवाई," त्या म्हणाल्या. मी ओशाळून सायकल फिरवली. डोणीजवळ मामाजींची खुर्ची तशीच होती, आणि खुर्चीशेजारी भरलेला कप.

"मले बी होते तसं," कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "त्याचा चहा रोजच टाकल्या जाते."