व्याह्यांची व्हॅन थंड झाली

आमच्या व्याह्यांनी बडोद्यात जितक्या दारांत पाणी मागितलं, तितक्या दारांत कुठल्या बैराग्यानेही मागितलं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पाणीगेटला चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या आणि माझ्या हातची वायर कधी जळली नाही. एकदा जळली, ते पुढे सांगतो. व्याही नागरवाड्याचे, शाळेत ड्रॉइंग मास्तर. बायको लवकर गेली, एकच मुलगा. त्यांच्या घराण्यात पोथ्या, आमच्या घराण्यात तलवारी. ते एका वाक्यात तीनदा 'क्षमा करा' म्हणणार, मी तीस वर्षांत एकदा म्हटलं असेल. त्यांच्या वडिलांनी ठेवलेली एक विलायती व्हॅन होती, कधीकाळी निळी असावी. ती शहरात तीन मैलांवर तापायची. उष्णतेचा काटा लालवर गेला की हे जवळच्या दारापाशी गाडी उभी करायचे, टोपी काढायचे आणि आतल्या बाईला म्हणायचे, "बेन, गाडीने तरस लागी छे." आपली तहान कधी सांगितली नाही, नेहमी गाडीची.

आता इंजिन निवायला अर्धा तास तरी लागतोच. तेवढा वेळ हे ओट्यावर बसायचे, पोरांच्या पाटीवर हत्ती काढून द्यायचे, चहा आणि गाठिये खायचे. कुणाच्या सासूचा गुडघा दुखतो, कुणाचा मुलगा गणितात नापास झाला, सगळं त्यांना ठाऊक. निजामपुऱ्यातल्या एका घरच्या लग्नात तर त्यांना वडीलधारे म्हणून फेटा बांधला, आणि ओळख काय, तर तीन वेळा बादली दिली होती! आमच्याही दारात एकदा ती तापली. बादली माझ्या मुलीने नेऊन दिली. गाडी निवेपर्यंत ह्यांनी आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते इथपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं विचारून घेतलं. दुसऱ्यांदा तापली तेव्हा पेढे होते, तिसऱ्यांदा तापली तेव्हा मुलगा होता. आमची सोयरीक पत्रिकेने नाही, रेडिएटरने जुळवली.

पुढे दिवस बदलले. ज्याला त्याला हप्त्यावर नवी गाडी मिळायला लागली. आमचे जावई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यांना ह्या व्हॅनची लाज वाटायची. एकदा साहेबांच्या मुलीच्या लग्नाला सगळे आणंदला निघाले. व्हॅन वाटेत चार ठिकाणी पाणी प्यायली, आणि हे पोहोचले तेव्हा मांडवात लोक हात धूत होते. घरी येऊन जावई म्हणाले, "बाबा, आता एकदा जरी रस्त्यात तापली, तर भंगारात." दुसऱ्या दिवशी व्याही रिक्षाने माझ्याकडे आले. दारात उभे राहून म्हणाले, "व्याहीबुवा, क्षमा करा, पण हिला वाचवा." मुलीच्या सासऱ्याने हात जोडले तर बापाने काय म्हणायचं? मी म्हटलं, "उद्या घेऊन या."

तिचा पंखा म्हणजे चार पात्यांचा पत्रा. इंजिन जोरात तर तो जोरात. गर्दीत गाडी हळू झाली की तोही डुलक्या घ्यायचा. म्हटलं, विजेवरचा पंखा बसवतो, स्वतःच्या अकलेने फिरेल. पण तो करंट खातो, आणि तिच्या जुन्या डायनामोला दिवे पेटवतानाच दम लागायचा. खादाड पाहुणा येणार तर आधी चूल मोठी करावी लागते. म्हणून डायनामो काढायचा आणि ऑल्टरनेटर चढवायचा. भंगार बाजारातून एका टॅक्सीचा चांगला उचलला, अँगल कापून स्वतः ब्रॅकेट केला. काम करताना बघतो तर मागे पाण्याचे तीन कॅन, काठोकाठ भरलेले, झाकणं गंजून घट्ट. "हे कशाला?" "अडीअडचणीला," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, मास्तर माणूस, विसरत असेल.

ऑल्टरनेटरला वायर लावताना ते हळूच कानाशी आले. "व्याहीबुवा, क्षमा करा, हिचं जरा उलटं आहे." मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही हत्ती काढा." मला खडूवाल्याने वायर शिकवायची? सगळ्या गाड्यांत बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो. ह्या म्हातारीचा प्लस पत्र्याला होता, आणि तेच ते सांगत होते. मी वायर टेकवली, ठिणगी उडाली, आणि ऑल्टरनेटरमधून उदबत्तीसारखा धूर निघाला. गल्लीतले चार जण बघायला आले. व्याह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गाडीचीच खोड आहे हो, तिने आधी सांगायला हवं होतं." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्यावर मी आठवडाभर चिडून होतो.

मग बॅटरी फिरवली, सगळं सुलटं केलं, दुसरा ऑल्टरनेटर चढवला. मे महिन्यात, भर दुपारी, जावयांना शेजारी बसवून डभोईला जाऊन आलो. काटा मधोमध, जणू चिकटवलाय. रेल्वे फाटकाशी वीस मिनिटं खोळंबलो, तिथे पंखा आपोआप सुरू झाला आणि आपोआप थांबला. जावई उतरताना म्हणाले, "चालशे, राहू दे गाडी." मला वाटलं, आता मास्तर पेढे आणतील. आणले. पण एक खाऊन मान खाली घातली.

महिन्याने मुलीने निरोप धाडला, "बाबा, मामंजी हल्ली गप्प असतात, जेवणात लक्ष नाही." मुलीच्या सासरी बापाने उठसूट जाऊ नये, पण गेलो. विचारलं, गाडी त्रास देते का?

"छे! सोन्यासारखी चालते," ते म्हणाले. "इथून निघतो, निजामपुऱ्याला जातो, परत येतो. मधे काहीच होत नाही."

"मग बरंच की."

"बरंच." मग म्हणाले, "ती निजामपुऱ्याच्या कोपऱ्यावरची बेन म्हणत असेल, मास्तर गेले की काय."

"मग जा ना! दार वाजवा!"

"आणि काय सांगू? कशाला आलो म्हणून?"

तेव्हा मला ते तीन कॅन आठवले. इतकी वर्षं ह्या माणसाने पाणी जवळ असून दारोदार मागितलं होतं. घरात मुलगा आणि सून दिवसभर कामावर, भिंतीशी किती बोलणार? मग तेच दबक्या आवाजात म्हणाले, "त्या पंख्याला एखादं बटण बसवता येईल? मधेमधे बंद ठेवायला?"

माझं डोकं फिरलं. "मास्तर, माझ्या हातचं काम मी बिघडवणार नाही. जीव गेला तरी नाही!" ते लगेच म्हणाले, "क्षमा करा, क्षमा करा." मी चप्पल घातली, जिना उतरलो, आणि खाली व्हॅनपाशी जरा वेळ उभा राहून परत वर गेलो. खोटं काम मी आयुष्यात केलं नाही, पण त्या दिवशी खोटं बोललो. म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. ऑल्टरनेटर फिरवणारा नवा पट्टा दर रविवारी मला दाखवावा लागतो. अंगठ्याने दाबून बघावा लागतो, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही."

"आणि पाणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाणी तर दर दोन दिवसांनी बघायचं. आणि एकाच नळाचं घालू नका. निरनिराळ्या भागातलं लागतं."

माझ्याकडे बघत राहिले. त्यांना विज्ञान माझ्यापेक्षा जास्त येत होतं. "असं शास्त्र आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्यानंतर बरीच वर्षं दर रविवारी सकाळी व्हॅन पाणीगेटला यायची. मी पट्टा दाबायचो, 'ठीक' म्हणायचो, आणि मग आम्ही दुपारपर्यंत राजकारणावर भांडायचो. निजामपुऱ्याच्या बेननेही त्यांना परत गाठिये खाऊ घातल्याचं कळलं.

आता त्यांचे डोळे गेले आहेत. ऑपरेशन केलं, पण उजेड आणि सावली एवढंच उरलं. किल्ली जावयांनी कपाटात ठेवली. व्हॅन गल्लीत उभी असते, तिला हलवायचं कुणाच्या मनात येत नाही. रविवारी मी स्कूटरवर नागरवाड्याला जातो. हाक मारली की ते भिंतीला हात लावत खाली येतात आणि पायरीवर बसतात. मी बॉनेट उघडतो.

"कसा आहे हो पट्टा?"

"जरा ढिला वाटतो, मास्तर. पुढच्या रविवारी परत बघावा लागेल."