रंगारी शनिवारी कुठे गेला होता

सकाळी साडेसातला आमच्या घरात तीन गोष्टी एकदम चालू असतात. गॅसवर दूध, मोरीत नळ आणि आमच्या ह्यांचं "माझा दुसरा मोजा कुठंय?" त्या दिवशीही मी एक डोळा दुधावर आणि एक मोज्यावर ठेवून उभी होते, आणि दार वाजलं.

बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या जिन्यात एकच. खालच्या मजल्यावरचे रंगारीभाऊ. हात रंगाचे असतात, लोकांच्या बेलच्या बटणावर ठसा उठतो, म्हणून ते मुठीच्या पाठीने टकटक करतात. हात स्वच्छ असले तरी तसंच. पंचवीस वर्षांची सवय.

दार उघडलं तर भाऊ हातातला फोन अंगापासून लांब धरून उभे. जणू त्यात विंचू होता.

"वहिनी, एवढं वाचून द्या."

"तुम्हाला वाचता येतं की, भाऊ."

"येतं. म्हणूनच नाही वाचलं."

तेवढ्यात दूध उतू गेलंच. मी गॅस बंद केला, ह्यांना मोजा त्यांच्याच खांद्यावर असल्याचं सांगितलं आणि भाऊंना बसायला सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्चीवर आधी वर्तमानपत्र पसरलं. हेही सवयीचंच, अंगावर धुतलेला शर्ट होता.

फोनवर आलेलं पत्र कुणाचं ते वरच्या ओळीतच दिसत होतं. लांबच्या एका लहान विद्यापीठाच्या रसायन विभागाचं. 'आपल्या शनिवारच्या भेटीसंबंधी,' अशी सुरुवात होती. भाऊंनी तेवढीच ओळ वाचली होती आणि फोन बंद केला होता.

"भेट? कुणाची भेट?"

"थांबा," भाऊ म्हणाले, "वाचू नका अजून. आधी मी काय करून बसलोय ते ऐका. मग वाचा, आणि जागा गेली असेल तर हळू आवाजात सांगा. खाली ऐकू जातं."

जागा म्हणजे त्यांच्या मुलीची. तिला सगळा जिना ठिपकी म्हणतो. लहानपणी बापाच्या मागे मागे कामावर जायची आणि संध्याकाळी गालावर, केसांत, कानाच्या पाळीवर रंगाचे ठिपके घेऊन परतायची. आता अठराची आहे. अबोल, हुशार. माझ्याकडे निबंध तपासून घ्यायला यायची तेव्हा चूक दाखवली की मान हलवायची. पटलं नाही तरी मान हलवायची आणि घरी जाऊन स्वतःचंच बरोबर लिहायची. तिला दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक आपल्या शहरातलं मोठं विद्यापीठ, बसने वीस मिनिटांवर, ज्याचं नाव घेतलं की लोक "अरे वा" म्हणतात. दुसरं सहा तासांच्या रस्त्यावरचं, ज्याचं नाव घेतलं की लोक "कुठं आलं हे?" म्हणतात. कुठलं घ्यायचं ते कळवायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

घरात गेले पाच दिवस जेवणं अर्धवट होती. ठिपकीची आई रोज जिन्यात मला गाठून विचारायची, "मोठंच बरं ना हो? घरून जाईल, घरी येईल." ठिपकीचा मामा तर फोनवर इतका मोठ्याने बोलायचा की आम्हालाही सल्ला मिळायचा. "मोठ्याचं बोलावणं आलंय आणि हे भावजी म्हणे विचार करताहेत! भिंत वाळायची वाट बघताय काय?"

खरं सांगायचं तर भाऊ तशीच वाट बघत होते. भिंतीला रंगाचा एक हात दिला की दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्याबद्दल ते एक शब्द काढत नाहीत. "ओल्या भिंतीचा रंग खोटा असतो," म्हणतात. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलं तरी भाऊंचं तोंड बंद. घरातही तेच. पाच दिवस घर उकळतंय आणि हा माणूस गप्प.

"त्या मोठ्या विद्यापीठात मी अकरा उन्हाळे रंग दिलाय," भाऊ सांगू लागले. "वर्गखोल्या, जिने, मास्तर लोकांच्या खोल्या, सगळं. वहिनी, रंग द्यायच्या आधी भिंत घासावी लागते. घासताना माणूस वाचतो. बाकांमागे पोरं काय काय लिहितात! पण मी सांगतोय ते दारांचं. शाळेत, दवाखान्यात, कुठेही जा, दाराच्या कड्याभोवती रंग आधी जातो. हात लागून लागून काळा पडतो, मग उडतो. तिथं प्राध्यापकांच्या दारांना मी सात वर्षांपूर्वी ऑइलपेंट दिला होता. मागच्या उन्हाळ्यात बघतो तर कालच दिल्यासारखा. कड्याभोवती डाग नाही. मुकादम म्हणाला, ही दारं सोडून द्या, चांगली आहेत. त्याला आनंद झाला. मला नाही झाला."

"का?"

"सात वर्षांत त्या दाराला पोरांचा हात लागला नाही, वहिनी. आणि आमची ठिपकी कसली, उघड्या दारातून आत जायलाही कचरणारी."

मीही मोठ्या कॉलेजात शिकले. तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाला माझं नाव माहीत नव्हतं, आणि ठिपकीला मात्र मी नेहमी तिथल्या लायब्ररीच्या उंच खिडक्यांच्याच गोष्टी सांगत आले. ती डोळे मोठे करून ऐकायची. ही लाज मला त्या खुर्चीसमोर उभं राहून वाटली. ती मी चहा गाळण्यात लपवली.

"मग शनिवारी?"

"बाहेरगावी काम बघायला जातो म्हणून घरी सांगितलं आणि पहाटेची बस धरली."

"लहान विद्यापीठात गेलात? एकटे?"

"दारं बघायला."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

"आणि बघतो तर काय," भाऊ म्हणाले, "सगळीकडे ताजा हात मारलेला! प्रवेशाचा हंगाम, नवी पोरं येणार, म्हणून इमारत नव्या नवरीसारखी सजवलेली. मला एक भिंत वाचता येईना. आयुष्यभर मी लोकांचे डाग झाकले, आणि नेमकं मला बघायचं तर दुसऱ्या कुणीतरी झाकून ठेवलेलं. रसायन विभाग शोधला. लांब व्हरांडा, सहा दारं. शनिवार, कुणी नाही. खिशात रंग खरवडायची छोटी पत्री असतेच माझ्या. म्हटलं, कड्याजवळ नखाएवढं खरवडून बघू, खालचे थर कसे आहेत."

"भाऊ!"

"नखाएवढं, वहिनी. खाली चार थर होते, आणि कड्याभोवती चारही झिजलेले. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून पहारेकरी. म्हणाला, काय चाललंय? म्हटलं, जुना रंग बघतोय. तर म्हणतो कसा, सगळे नवा बघायला येतात, तुम्हीच एक भेटलात. आणि आतून हाक आली, कोण ते, आत या."

आत विभागप्रमुख बाई बसलेल्या होत्या. चष्मा कपाळावर, हातात पेन, समोर पेपरांचा गठ्ठा. भाऊंनी पत्री मुठीत लपवली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओल्या भिंतीवर बोलले. म्हणाले, "माझी मुलगी इथे येणार की नाही ते ठरवायचंय, म्हणून तुमचं दार खरवडतोय."

"हसल्या त्या?"

"नाही ना! तिथंच माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, मुलगी कोण? म्हटलं, अर्जात वडील रंगकाम करतात असं लिहिलं असेल. तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पश्चिमेच्या भिंतीवाली?"

भाऊ खुर्चीत पुढे सरकले.

"मला काय माहीत ती काय लिहितेय! त्यांनीच सांगितलं. एकच निळा रंग पश्चिमेच्या भिंतीवर लवकर का विटतो आणि पूर्वेच्या भिंतीवर का टिकतो, असं लिहिलंय. 'माझे वडील म्हणतात दुपारचं ऊन तिखट असतं, पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही.' असं! अर्जात! म्हणजे बापाचं चुकलं हे तिथल्या सगळ्या मास्तरांना माहीत." ते रागावल्यासारखे बोलत होते, पण हे तिसऱ्यांदा सांगायला मिळालं तरी त्यांची हरकत नसावी असं वाटलं. "अर्धा तास बसवलं मला. चुन्यात निळा का मरतो, कुठला टिकतो, सगळं विचारलं. लिहून घेतलं."

"मग हे तर चांगलंच झालं की!"

"पुढचं ऐका. निघताना मी म्हटलं, मॅडम, तुमच्या दाराचे चार थर झिजलेत, म्हणजे पोरं येतात फार. तर त्या म्हणाल्या, ते दार पावसाळ्यात फुगतं, ढकलल्याशिवाय उघडत नाही. म्हणून झिजतं."

सहा तास जाऊन, सहा तास परत येऊन त्यांनी जो एक पुरावा आणला होता, तो सुतारकामातला दोष निघाला होता. तेव्हापासून चार दिवस त्यांच्या मनात दोनच गोष्टी घोळत होत्या. आपल्याला काहीच कळलेलं नाही, ही एक. आणि दार खरवडणाऱ्या बापाची मुलगी नको असं ते कळवणार, ही दुसरी.

"वाचा आता," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

मी वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

जागा होती. दाराला रंग लावून घेतलाय, काळजी नसावी, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. भाऊंचे खांदे खाली आले. पण पत्र तिथं संपत नव्हतं. 'आपल्या मुलीने निर्णय घेण्याआधी काही गोष्टी तिला माहीत असाव्यात,' बाईंनी लिहिलं होतं. विभागात शिक्षक सहाच आहेत. एक मोठं यंत्र नाही, त्यासाठी वर्षातून दोनदा दुसऱ्या ठिकाणी जावं लागतं. तिसऱ्या वर्षी विषय निवडायला फारसा वाव नाही; तिला औषधांच्या रसायनात जायचं असेल तर मोठं विद्यापीठच घ्यावं. वर्गात बावीस जण असतात, त्यामुळे कुणालाही गप्प बसून राहता येत नाही. रोज बोलावं लागतं, फळ्याशी यावं लागतं. 'काहींना हे मानवतं. काही पहिल्याच वर्षी सोडून जातात. तिला काय वाटतं ते तिलाच माहीत. आज दहा ते तीन मी फोनवर आहे. तिला हवं असेल तर तिने स्वतः करावा.'

"रोज बोलावं लागतं?" भाऊ म्हणाले.

"असं लिहिलंय."

"ठिपकीला?"

खालून रंगारीवहिनींचा आवाज आला. ठिपकीला दुधाचा ग्लास संपव म्हणून सांगत होत्या. ठिपकीचा आवाज आला नाही.

भाऊ उठले, पुन्हा बसले. "मोठ्यात कुणी तिला काही विचारणार नाही. चार वर्षं मागच्या बाकावर बसेल, पहिली येईल आणि कुणाला कळणारही नाही. आणि तिकडे गेली, नाही जमलं, तर सहा तासांवर एकटी रडत बसेल. फोन करणार नाही, मला माहीत आहे ना. काय करू हो, वहिनी? रंगाचा प्रश्न असता तर भिंतीच्या कोपऱ्यात एक हात मारून दोन दिवस बघितलं असतं."

"तिला काय वाटतं?"

"विचारलं की म्हणते, तुम्ही सांगाल ते, बाबा."

मग त्यांनी मला चष्म्याचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ठिपकीला चष्मा लागला. दुकानदाराने समोर दहा फ्रेम मांडल्या. ती एकेक लावून आरशात बघत होती असं भाऊंना वाटलं. ती आरशातून बापाकडे बघत होती. एका काळ्या फ्रेमवर भाऊंची मान जराशी हलली असेल, तीच तिने घेतली. दोन वर्षं वापरली. परवा केस वर बांधले तेव्हा तिच्या आईला दिसलं, दोन्ही कानांमागे फ्रेम रुतून काळे व्रण पडलेत.

"विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्हाला आवडली होती ना." भाऊंनी स्वतःच्याच तोंडावरून हात फिरवला, रंगाआधी भिंतीवर भरलेली लांबी गुळगुळीत करतात तसा. "मी पाच दिवस बोलत नाही ते उगाच नाही. पण माझं तोंड बोलतं त्याला मी काय करू? तिने पत्र माझ्यासमोर वाचलं, की मी कुठल्या ओळीला दचकलो ते तिला कळणार. आणि आता तर माझं मलाच कळत नाहीये, कुठलं खरं आणि कुठलं भीतीपोटी."

घड्याळात आठ वाजले होते. आमचे हे दोन्ही मोजे घालून निघून गेले. जाताना भाऊंच्या पाठीवर हात ठेवून गेले. चहा तसाच गार झाला होता.

मी म्हटलं, "भाऊ, मी काय करू सांगा. बाईंना फोन करू? वहिनींना समजावू? मामाशी बोलू?"

"नको, नको. तसलं काही नको."

ते उठले. दारापाशी जाऊन, खाली कुणी जिन्यात नाही ना ते बघून, माझ्याकडे वळले.

"आज पाच वाजेपर्यंत ठिपकीला तुमच्याकडे बसू द्या," ते म्हणाले. "मी कामावर जातो. पत्र तिला दाखवा. मी शनिवारी कुठे गेलो होतो तेही सांगा, लपवू नका. फक्त इथे बसून मी काय म्हणालो, ते तिला सांगू नका."