बाबांचा उजवा हात आणि आम्ही सगळे

महाडच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. चेतापेशींची आकृती मी डोळे मिटून काढू शकते. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एकीच्या टोकातून रसायन सुटतं, पलीकडची ते ओळखते आणि निरोप पुढे जातो. एकाच वाटेने निरोप पुन्हा पुन्हा गेला की ती वाट पक्की होते. शिकणं म्हणतात ते हेच. वर्गातल्या पोरांना हे एका तासात कळतं. माझ्या आईला मात्र तीन महिन्यांत कळलं नाही.

दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागला, बोलणं जरासं जड राहिलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. बोटं जेमतेम हलायची. याच हाताने त्यांनी तीस वर्षं कशेडी घाटात ट्रकचं स्टिअरिंग सांभाळलं होतं. महाडच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "काका, मेंदूतला घाट खचलाय. आता आडवाट काढायची. पण तिच्यावरून रोज गाडी गेली पाहिजे, नाहीतर रान माजेल." बाबांना ते लगेच पटलं. पहिले काही महिने मोलाचे, तेव्हा मेंदू लवकर शिकतो, असंही बाईंनी बजावलं. रोज तीन तास डाव्या हातात जाड मोजा घालायचा, म्हणजे उजव्याला काम करण्यावाचून गत्यंतर नाही.

मोजा घातला आणि पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत माझी अब्रू गेली.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेला माणूस नुसता बघून जात नाही. शहाळं, मोसंबीचा रस, काहीतरी आपल्या हाताने पाजून जातो. शेजारची काकी तर दारातूनच ओरडली, "अगो, बापाचा धड हात बांधून ठेवलास? येवढी शिकलेली ना तू?" मी बाबांच्या उजव्या हातात पेला देत होते, तो तिने काढून घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला. मुंबईहून आलेला चुलतभाऊ म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ, आता सगळ्याला मशीन असतं." असं म्हणत त्यानेही सफरचंदाच्या फोडी भरवल्या. प्रेमाने बरं का! या प्रेमाचं काय लोणचं घालायचं?

आईचं तर विचारूच नका. डाव्या हाताने जेवणं तिला चालत नव्हतं आणि उजव्याने सांडलेलं बघवत नव्हतं. मग घास तिचाच.

"मी हाय ना भरवायला. मी मेली नाय अजून."

शाळेतून परत यावं तर मोजा दोरीवर वाळत असायचा. रोज धुण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. मी चिडायचे, ती डोळ्याला पदर लावायची. लग्नापासून तिने त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घेऊ दिला नव्हता. तिच्या मेंदूतलीही वाट पक्कीच झाली होती, हे कळत असूनही मला तिचा राग यायचा. त्याहून राग बाबांचा यायचा. घास समोर आला की ते निमूट तोंड उघडायचे. असेच महिने निघून गेले तर हा हात कायमचा गेला, ही खरी भीती होती, आणि तोंडातून मात्र शिव्याच निघायच्या.

मग एका सकाळी आई देवळात गेली होती. मी बाबांच्या डाव्या हातात मोजा चढवला आणि त्यांना शर्ट घालायला बसवलं. ते उजव्या हाताने वरचं बटण लावू लागले. बोट काजापर्यंत जायचं, घसरायचं, पुन्हा जायचं. माझी एसटी पावणेसातची. पहिल्या तासाला शाळेत तपासणी होती. मी दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं आणि वाकून पटापट सगळी बटणं लावून टाकली. "झालं एकदाचं," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

बाबांचा उजवा हात मांडीवरून वर आला आणि वरच्या बटणाशी झटू लागला. बऱ्याच वेळाने ते सुटलं. मग त्यांनी दुसरं सोडवायला घेतलं.

"माझं मी लावीन," ते जड जिभेने म्हणाले.

खाली रस्त्यावर एसटी थांबली आणि निघूनही गेली. मी त्यांच्यासमोर बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.