सातव्याचा होल उजवीकडेच

काही जागा अशा असतात की तिथे किस्से शोधावे लागत नाहीत, ते पायात येतात. आमचा गोल्फ कोर्स त्यातलाच. पाणी जरा जास्त मारलं की जमिनीतून काहीतरी वर येतं. कधी चप्पल, कधी बाहुलीचा हात, कधी अख्खी बादली. आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक किस्सा! मी सांगायला बसलो की लोक आधी हसतात, मग हातातला चहा बाजूला ठेवतात. तुम्ही आधीच पिऊन घ्या.

गावाचं नाव सांगत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं कुठलंही एक समजा. गावाबाहेर पूर्वी कचरा डेपो होता आणि मी तिथे ठेकेदाराचा मुकादम होतो. गेटवर बसायचं, गाड्या आत घ्यायच्या, वही भरायची. पुढे डेपो बंद झाला. कचऱ्यावर जाड प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर डेपोतलीच कचरा मिसळलेली माती, मातीवर गवत, आणि नऊ होलचा गोल्फ कोर्स तयार! मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ग्राउंड सुपरवायझर म्हणून ठेवून घेतलं. वरचं सगळ्यांना कळत होतं, खालचं फक्त मला.

*

कोर्स आखायला पुण्याहून एक डिझायनर आला होता. म्हणाला, "इथे आपण लिंक्स करू." लिंक्स म्हणजे समुद्रकाठी असतो तसला कोर्स. झाडं नाहीत, नुसते उंचवटे, गुडघाभर वाळकं गवत आणि मोकळा वारा. समुद्र पाहायचा तर आम्हाला मुंबई गाठावी लागते! पण झाडं लावायची सोयच नव्हती, मुळांनी खालचं प्लॅस्टिक फाटलं असतं. आणि वाळकं गवत, वारा ह्यांची आमच्याकडे कधी टंचाई नव्हती.

एका टेकाडावर उभा राहून तो म्हणाला, "काय उतार आहे! निसर्गाच्या हाताला तोड नाही."

"साहेब, हा निसर्ग नाही," मी म्हटलं, "हे भाजी मार्केट आहे. त्याच्या मागचं टेकाड म्हणजे मंगल कार्यालयं."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि नकाशावर त्या होलचं नाव लिहिलं, 'सी ब्रीझ'. तेवढ्यात वारा फिरला. त्याने रुमाल नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने नाव खोडलं!

*

कचरा आत कुजत असतो, त्याचा गॅस होतो. तो बाहेर पडावा म्हणून कोर्सवर जागोजागी लोखंडी पाइप उभे केलेत. आमचे चेअरमन प्रकाशशेठ, कापसाच्या जिनिंगवाले. एकदा तिसऱ्या होलवर त्यांचा बॉल सारखा गवतात जायला लागला. वैतागले, पाइपला टेकले आणि सिगारेट पेटवली.

भक्क!

आमचा माळी उखा, सोनगीरचा, धापा टाकत माझ्याकडे आला. "नाना, शेठन्या भिवया गयात!"

मी धावत गेलो. भुवया जळालेले शेठ काळंठिक्कर तोंड घेऊन ओरडत होते, "हे आधी सांगायचं नाही का? कोणी जबाबदार माणूस आहे का इथे?"

पाइपच्या शेजारी बोर्ड होता, 'येथे विडी-सिगारेट ओढू नये'. त्याखाली जबाबदार माणसाची सहीसुद्धा होती. चेअरमन म्हणून त्यांचीच!

*

डॉक्टर बाविस्कर आमचे सगळ्यात सभ्य मेंबर. बॉल कुठेही पडो, हाताने सरकवणार नाहीत. आमच्याकडे एक खास नियम आहे, जमिनीतून वर आलेली वस्तू बॉलला आडवी आली तर ती उचलायची, दंड नाही. एकदा त्यांचा बॉल सलाइनच्या बाटलीला टेकून थांबला. डॉक्टर वाकले, बाटली उचलली, माती पुसली. तिच्यावर एका दवाखान्याचा शिक्का अजून स्पष्ट होता.

शिक्का त्यांच्याच दवाखान्याचा!

त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "मुकादम, हे किती वर्षं टिकतं हो?"

"आपल्या दोघांपेक्षा जास्त," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ती बाटली गोल्फच्या बॅगेत घातली आणि घरी नेली. पुढे तिचं त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही.

*

खालचा कचरा दबतो, तशी वरची जमीन बसते. चौथ्या होलचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं ते गुळगुळीत कापलेलं गवत, हळूहळू परातीसारखं खोलगट झालं. कुठूनही बॉल मारा, घरंगळत मधोमध येणार! अशात प्रकाशशेठनी एका फटक्यात बॉल थेट होलात घातला. गोल्फमध्ये हा जन्मातून एकदा घडणारा पराक्रम. पेढे वाटले, फोटो निघाले, तिथे शेठच्या नावाचा दगड बसवला.

त्याच आठवड्यात आणखी तिघांनी तोच पराक्रम केला. चौथा तर पाहुण्यांचा ड्रायव्हर होता, त्याने पहिल्यांदाच काठी हातात धरलेली!

आम्ही भर घालून ग्रीन सपाट केलं. दगड मात्र बसतोच आहे. आता वर फक्त शेठचं नाव दिसतं, पराक्रम जमिनीत गेला.

*

आता हमीदाआपा. गवतात हरवलेले बॉल शोधायचं काम तिचं. चार-चार मेंबर डोळे फाडून फिरतात, ती खाली न बघता पायाने चाचपत येते. "टप् वाजलं, म्हणजे टायरवर पडला," म्हणते आणि नेमका बॉल काढून हातावर ठेवते. कोर्स व्हायच्या आधी ह्याच जागेवर तिने आणि तिच्या नवऱ्याने, रशीदने, अर्धं आयुष्य भंगार वेचलं होतं.

एकदा प्रकाशशेठ खुश होऊन म्हणाले, "आपा, गोल्फचं काम छान जमलं की तुम्हाला!"

"काम तेच आहे, शेठ," ती म्हणाली. "तुम्ही फेकायचं, मी शोधायचं."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते हसू महागात पडलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

जमिनीतून वर आलेल्या वस्तू आम्ही केळीच्या एका क्रेटमध्ये टाकतो, ते माझ्या खोलीमागे असतं. कामाला लागल्यापासून हमीदाआपा रोज घरी जायच्या आधी ते क्रेट उपसायची. तिला एकच वस्तू हवी होती. रशीदचा आकडा, म्हणजे कचरा उकरायची वाकडी सळई. मुठीला लाल वायर गुंडाळलेली. साधारण वर्षभर तिने रोज पाहिलं, मग एक दिवस पाहणं बंद केलं. मला वाटलं, थकली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

*

हा पुढचा किस्सा नाही. पण हा सांगितल्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

डेपोत वेचणाऱ्यांना आत सोडायची मनाई होती. मीच सोडायचो. मागच्या भिंतीला भगदाड होतं, ते मी कधी बुजवू दिलं नाही. ती माणसं ढीग निवडायची, माझं काम हलकं व्हायचं. एका सकाळी सगळ्यात मोठा ढीग ढासळला. हमीदाआपा त्या दिवशी तापाने घरी होती. रशीद ढिगाच्या पायथ्याशी होता. ढासळायच्या जरा आधी त्याने मला लांबून पाहिलं आणि आकडा वर केला. रोज सकाळी तो मला असाच सलाम करायचा.

ठेकेदार म्हणाला, "वहीत लिहा, आत कोणी नव्हतं."

मी लिहिलं आणि खाली सही केली. आत कोणी नव्हतंच म्हटल्यावर उकरायचं कशाला? ढिगावर माती पडली. मग कोणीतरी उठवलं की रशीद बायकोला टाकून सुरतला पळाला. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारू नका, मीही त्यात हो ला हो केलं होतं. मोहल्ल्यात हमीदाआपा टाकलेली बाई झाली. पळालेल्या बापाची मुलगी म्हणून लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि पळालेल्याचा ना जनाजा निघाला, ना कोणी त्याच्यासाठी फातेहा पढला.

कोर्सवर कामाला आली त्या पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "नाना, त्या दिवशी तो कुठे होता?"

"मी पाहिलं नाही," मी म्हटलं.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मला आयुष्यभराची लाज वाटते ती त्या एका वाक्याची. वहीतलं ठेकेदाराने लिहून घेतलं होतं, हे माझं मी बोललो.

*

गोल्फमध्ये होल एका जागी राहत नाही. ग्रीनवर रोज नवीन पाडायचा असतो. नळीसारखं कटर असतं, ते दाबून फिरवलं की गवतासकट मातीचा गोल तुकडा निघतो. तो कालच्या होलात बसवायचा. हे काम माळ्याचं, पण मी ते कधी उखाला करू दिलं नाही. रोज सकाळी नऊही होल मी स्वतः पाडतो. आठ ठिकाणी कुठेही पाडतो. सातव्या ग्रीनवर मात्र उजवीकडेच. डाव्या कोपऱ्यात कधीच नाही.

मेंबर माझी चेष्टा करायचे. डॉक्टर विचारायचे, "मुकादम, डाव्या बाजूचं तुम्हाला काही वावडं आहे का?"

"तिकडची माती कच्ची आहे," मी सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे पहिली मोठी टूर्नामेंट झाली. नाशिकहून रेफरी आले, वयस्कर, शिस्तीचे. फायनलच्या सकाळी ते सातव्या ग्रीनवर आले. प्रकाशशेठ, डॉक्टर, खेळणारे, सगळे होते. हमीदाआपा गवताच्या कडेला तिच्या नेहमीच्या जागी उभी होती.

"आज होल डाव्या कोपऱ्यात," रेफरी म्हणाले.

"माती कच्ची आहे, साहेब."

त्यांनी काठी टोचून पाहिली. "चांगली कडक आहे. पाडा."

मी हललो नाही. त्यांनी उखाला हाक मारली. उखाने कटर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नाना, मी काय करू?"

"नको," मी म्हटलं.

प्रकाशशेठ भडकले. "नाना, पाहुण्यांसमोर तमाशा नको! उखा, पाड!"

उखाने डाव्या कोपऱ्यात कटर टेकवलं आणि त्यावर पाय ठेवला.

"तिथे माणूस आहे!" मी ओरडलो.

उखाने चटका बसावा तसा पाय काढला. रेफरी म्हणाले, "कोण माणूस?"

हमीदाआपा जागेवरूनच म्हणाली, "नाव सांगा, नाना."

"रशीद."

"कोण रशीद?" शेठ म्हणाले. "तो सुरतला पळालेला?"

"पळाला नव्हता," मी म्हटलं. "ढिगाखाली गेला. मी पाहिलं होतं."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर माझ्या अंगावर धावून येईल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "एक वर्ष मी तुमचे होल बघितले, नाना. सगळीकडे पाडले, त्या कोपऱ्यात कधी नाही. तेव्हापासून क्रेट बघणं सोडलं."

"मग आपा, तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मी बोलून कोण ऐकणार? वहीत सही तुमची आहे."

खेळणाऱ्यांची नावं लिहायची वही माझ्या काखेत होती. तिने त्या वहीकडे बोट दाखवलं. "लिहा."

मी लिहिलं, 'ढीग ढासळला तेव्हा रशीद आत होता. मी त्याला पाहिलं होतं.' खाली सही केली.

"मला वाचता येत नाही," हमीदाआपा म्हणाली. "मोठ्याने वाचा."

मी वाचलं. तिने चपला गवतात काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ग्रीनवर येऊन डाव्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. डॉक्टरांनी टोपी काढली. शेठ खाली बघत होते.

"वारा फार आहे," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नसेल. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.